साखराबाईच्या हातातली किल्ली

लोकांना वाटतं, जादूगाराचं कसब त्याच्या हातात असतं. माझं सगळं कसब तोंडात होतं आणि त्या तोंडानंच घात केला. माझा घात केला असं म्हणायची मला सवय लागली आहे, पण ते खोटं आहे. घात झाला तो साखराबाईचा. मी दोन वेळा जेवतो, वर सुपारीही खातो.

माझं नाव राधाकिशन. अंबाजोगाई-परळीकडची जुनी माणसं मला मास्तर म्हणून ओळखतात. तीस वर्षं मी 'मनःशक्तीचे प्रयोग' करत हिंडलो. शाळांची संमेलनं, जत्रा, साखर कारखान्यांचे कार्यक्रम. बोट न लावता वस्तू हलवायच्या, हा माझा धंदा. चमचा नुसत्या नजरेनं वाकायचा. तळहातावर आडवी ठेवलेली किल्ली हळूच कूस बदलायची. यातल्या कशालाही मनाची शक्ती लागत नाही, हे सांगताना आता मला लाज वाटत नाही. चमचा आधीच वाकवून वाकवून दमवलेला असायचा आणि तळहात मी केसभर कलता करायचो. बाकी सगळं बोलणं.

हे बोलणं मला आश्रुबानं शिकवलं. परळीच्या स्टेशनात हमाली करायचा आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग करायचा. तो म्हणायचा, "पयल्यांदा हारायचं. चमचा पयल्याच झटक्याला वाकला तर लोक चमचा बघत्यात. दोनदा फसला, घाम फुटला, तर त्यान्ला तुजी कीव येती. कीव आलेला मानूस चमच्याकडं बघत न्हाई." आणि दुसरं म्हणजे, "म्या हलवलं, आसं कदी म्हनू नको. धा जन तुजी बाही वर करून बघत्याल. समोरच्यानंच हलवलं म्हन. सोताची बाही कुनी वर करत न्हाई."

या दुसऱ्या वाक्यावर मी माझा सगळ्यात मोठा प्रयोग उभा केला. दीड हात काळा दोरा, त्याला एक पितळी किल्ली. दोरा प्रेक्षकातल्या एकाच्या चिमटीत द्यायचा, हात पुढं करायला लावायचा आणि आपण चार पावलं लांब उभं राहायचं. मग सावकाश बोलायचं की किल्ली हलू लागेल, आता हलतेय, आता गोल फिरतेय. आणि ती फिरते. ऐकणाऱ्याच्या मनात फिरणं भरलं की बोटं त्याच्या नकळत इतकुशी हलतात आणि दोरा ते वाढवून दाखवतो. धरणारा देवाशप्पथ सांगतो की मी हात हलवला नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. यात पाळायचा नियम एकच. शब्द आधी, किल्ली मागून. मी "हलतेय बघा" म्हणायचो तेव्हा ती हललेली नसायची.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात माझा धंदा बसला. जत्रा रद्द, संमेलनं रद्द, कारखान्याचं गाळप उसाअभावी लवकर आटोपलेलं. आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडं. गावच्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. पऱ्हाट्यांचे आडोसे, वर हिरवी जाळी, दावणीला बांधलेली शे-दीडशे जनावरं आणि त्यांच्या शेजारी बाजेवर पडलेली माणसं. दोन महिने तिथंच राहून लोक एकमेकांवर वैतागले होते. दावणीवरून भांडणं, टँकरच्या नळीवरून भांडणं. चेअरमन भगवानराव मला म्हणाले, "राधाकिशन, एक दुपार तुपला खेळ लाव. तेवढीच डोकी थंड राहत्याल."

त्या दुपारी मी ताडपत्रीखाली उभा राहिलो आणि दोरा धरायला माणूस शोधू लागलो. यातही कसब असतं. हुशार माणूस नको, हौशी तर मुळीच नको. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे आणि ज्याला पुढं यायची इच्छा नाही, असं माणूस हवं. ताडपत्रीच्या कडेला साखराबाई उभी होती.

साखराबाई साठीच्या पुढची. मेंढरं राखणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगी परळीला दिलेली, चाळीस मेंढरं घेऊन ती एकटी वस्तीवर राहायची. छावणीत फक्त मोठ्या जनावरांना दावण होती, मेंढरांना नव्हती. म्हणून ती रोज दुपारी यायची आणि हौदात गाई-म्हशींचं उष्टं पाणी उरलं तर मेंढरांना पाजायची. न उरलं तर मुकाट परत जायची. तिनं कधी खोटं बोललेलं गावात कुणाला आठवत नव्हतं. कुणाचं जनावर हरवलं तर लोक आधी तिला विचारायचे आणि ती सांगेल त्या ओढ्याला जायचे.

मी तिला पुढं बोलावलं. ती नको नको म्हणत आली. मी ठरल्याप्रमाणे आधी हरलो. दोरा स्वतः धरला, डोळे मिटले, घाम पुसला, किल्ली हलली नाही. म्हणालो, "आज माझ्यात ताकद नाही. माय, तुम्ही धरा." तिनं धरला. मी बोलत गेलो आणि किल्ली अशी गरगरली की पुढं बसलेली बाया-माणसं मागं सरली. मग मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं. "मी काही केलं नाही. शक्ती या माउलीच्या हातात आहे. तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं."

टाळ्या पडल्या. साखराबाई आपल्या हाताकडं बघत राहिली. माझ्या उभ्या आयुष्यात माझा प्रयोग इतका कुणाला पटला नव्हता आणि मी घरी शीळ घालत गेलो. लोक जेवून झोपले की खेळ विसरतात, असाच माझा तोवरचा अनुभव होता.

गाव विसरलं नाही. आठ दिवसांनी सोसायटीला छावणीसाठी एक बोअर घ्यायची परवानगी मिळाली. एकच. टँकर आता दिवसाआड येत होता आणि पुढं तोही कमी होणार होता. बोअरला पाणी लागलं तर छावणी पावसापर्यंत टिकणार, नाहीतर मोडणार. बोअर कुठं घ्यायचा यावर सभासदांचे दोन तट पडले. एक तट म्हणे, गायरानात घ्या, म्हणजे पाणी सगळ्यांचं, मेंढरांचंही. दुसरा तट म्हणे, भगवानरावांच्या शेतात मोसंबीच्या बागेशेजारी घ्या, तिथून छावणीला पाइप जवळ पडतो. बाग वाळत चालली होती आणि पाऊस पडल्यावर तो पाइप कुणाकडं वळणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

भगवानरावांनी पाण्याची जागा दाखवणारा एक पाणाडी आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि माळभर हिंडून मोसंबीच्या बांधाशी येताच नारळ उभा राहिला. मला हसू आलं, कारण तळहात कलता करायची ती रीत माझीच होती. पण पाणाडी सकाळी भगवानरावांच्याच ओसरीवर जेवला होता आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सभा फिसकटली. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "साखराबाईच्या हातानं ठरवा की. ती कुनाच्या घरी जेवत न्हाई." आणि ते दोन्ही तटांना मान्य झालं.

तिला सोसायटीच्या कचेरीत बोलावलं. ती जमिनीवर बसायला लागली तर शिपायानं खुर्ची पुढं केली. खुर्चीच्या अगदी कडेला बसून ती म्हणाली, "मला काय कळतंय? मास्तर म्हनले ताकद हाय म्हनून. आसंल तर बघू. मेंढरान्ला पानी भेटलं म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भगवानराव माझ्या घरी आले. चहा घेतला, माझ्या भिंतीवरचे जुने फोटो बघितले. मग म्हणाले, "दोरा तिच्या हातात आसतो राधाकिशन, पर बोलतोस तू."

एवढ्या वर्षांत हे ओळखणारा तो पहिला माणूस. मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं, कुणीतरी माझी कारागिरी ओळखली म्हणून.

"लबाडी करायची न्हाई," ते म्हणाले. "कुटं बोलायचं आन कुटं गप ऱ्हायचं, येवढंच बघ. दिवाळीत कारखान्याचा वर्धापनदिन हाय. पाच हजार मानूस बसतं. तुपला खेळ आजून कावून झाला न्हाई तिथं, ह्याचंच मला नवल वाटतं."

मी लगेच हो म्हणालो नाही. मी विचार केला, आणि तो विचारच माझी खरी चूक होता. मी स्वतःला म्हणालो, नारळ थोतांड, किल्ली थोतांड. जमिनीखाली काय आहे ते ना पाणाड्याला कळतं, ना म्हातारीला, ना मला. मग गायरान काय आणि मोसंबीची बाग काय, दोन्ही सारखंच. निदान माझा तरी खेळ होईल. भोळ्या माणसाला असला विचार सुचला नसता. त्याला भीती वाटली असती. मला सगळं माहीत असल्यामुळं मला कशाचीच भीती वाटली नाही.

ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता सगळी छावणी आमच्यामागं निघाली. पुढं साखराबाई, चिमटीत दोरा, तिच्या उजव्या अंगाला चार पावलांवर मी. आधी गायरान. मी ठरवल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं होतं. किल्ली सरळ लोंबत होती. भगवानराव समाधानानं मिशीवरून हात फिरवत होते. गायरानाच्या खालच्या अंगाला एक सपाट खडक आहे आणि त्याच्या कडेला हिवराचं झाड. तिथं आल्यावर साखराबाईची पावलं जरा मंदावली. आणि किल्ली हलली.

मी बोललो नव्हतो. माझ्या तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. किल्ली आधी मागं-पुढं झाली, मग तिनं एक गिरकी घेतली, मग दुसरी. मागं लोक कुजबुजायला लागले. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आश्चर्य वाटलं नाही, अपमान वाटला. माझ्या शब्दावाचून माझी किल्ली फिरते म्हणजे काय?

भगवानरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन पावलं जवळ गेलो आणि अगदी प्रेमानं म्हणालो, "वारा आहे, माय. वाऱ्यानं हललीय. थांबेल आता. मंद होतेय बघा. थांबत आली."

ती थांबली. थांबणारच. लोकांनी उसासा टाकला आणि आम्ही पुढं निघालो.

मोसंबीच्या बांधाशी मी माझं सगळं कसब पणाला लावलं. आवाज खाली घेतला, श्वास तिच्या श्वासाशी जुळवला, एकेक शब्द सावकाश सोडला. "हाताला काहीतरी ओढतंय. खालून ओढतंय. आता हलतेय." किल्ली हलली, फिरली, मोठमोठी वर्तुळं घ्यायला लागली. बायांनी हात जोडले. गायरानवाल्या तटाचा म्होरक्या आप्पाराव पुढं होऊन म्हणाला, "आता काय बोलायचं? म्हातारी खोटं बोलत न्हाई." आणि तिथं दगड रोवला.

साखराबाईचा चेहरा मात्र गोंधळलेला होता. परतताना ती माझ्याजवळ आली. "मास्तर, त्या खडकापशी हाताला जड लागलतं. हितं हालका हाय हात."

"हात खोटं बोलत नाही, माय. इथं कशी फिरली, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत की."

"पायलं," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला.

बोअरची गाडी दोन दिवसांनी आली. सकाळी दहाला मशीन सुरू झालं. शंभर फूट धुरळा, दोनशे फूट धुरळा. तीनशेला खाली कठीण पाषाण लागला आणि आवाज बदलला. लोक कानात प्राण आणून बसले होते. दुपारी तीन वाजता, चारशे फुटांवर, मशीनवाल्यानं हात आडवा हलवला. मोसंबीची झाडं पांढऱ्या भुकटीनं माखली होती. ओल म्हणून नव्हती.

भगवानरावांना कुणी बोललं नाही. मलाही नाही. मी तर आधीच सांगून बसलो होतो ना, की मी काही करत नाही, शक्ती या माउलीच्या हातात आहे. लोक उठताना साखराबाईकडं बघत गेले. एक जण म्हणालाही, "म्हातारीनं बुडिवलं." ती तशीच बसून होती, उजवा हात डाव्या हातानं धरून. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं, हे मला चार हातांवरून दिसलं. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर पुष्कळ झालं असतं. एरवी अखंड चालणारं माझं तोंड तेवढं एक वाक्य बोललं नाही.

पंधरा दिवसांत छावणी मोडली. कुणी जनावरं माजलगावकडच्या छावण्यांत नेली, कुणी बाजार दाखवला. हौद कोरडा पडल्यावर साखराबाईची नऊ मेंढरं तडफडून मेली. उरलेली तिनं एका मंगळवारी खाटकाच्या टेम्पोत चढवली आणि वस्तीला कडी घालून लेकीकडं परळीला गेली. दिवाळीत कारखान्यात माझा खेळ झाला. पाच हजार माणूस होतं. चमचा वाकवताना माझा घाम खरा होता.

पुढं तीन वर्षांनी रस्त्याचं काम निघालं. ठेकेदारानं आपली माणसं गायरानात उतरवली आणि कामाला पाणी हवं म्हणून तिथंच बोअर घेतला. सपाट खडकापासून पंधरा-वीस पावलांवर. एकशे चाळीस फुटांवर पाण्याचा लोट उसळला. मी बघायला गेलो. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा सहज म्हणाला, "हितलं गवत मे महिन्यापस्तोर हिरवं ऱ्हायचं. दुसरीकडं वाळलं की साखराबाई मेंढरं हितंच आनायची."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किल्लीत शक्ती नव्हती हे खरंच होतं. पण किल्ली बोटं हलवतात, आणि बोटं आपल्याला जे ठाऊक असतं त्यानं हलतात. माझ्या प्रेक्षकांना तेव्हा फक्त माझं बोलणं ठाऊक असायचं. साखराबाईला तो माळ ठाऊक होता. पन्नास वर्षं ती त्यावर चालली होती. कुठलं गवत उशिरा वाळतं, कुठं मेंढरं उन्हात जाऊन बसतात, हे तिला शब्दांत सांगता आलं नसतं, पण तिच्या हातानं सांगितलं होतं. आणि मी ते गोड बोलून थांबवलं होतं.

चार दिवस मी जेवलो नाही नीट. पाचव्या दिवशी परळीची गाडी धरली.

लेकीचं, कडूबाईचं घर थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या अंगाला, राखेच्या विटा पाडतात त्या भागात. पत्र्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर करड्या राखेचा थर. कडूबाईनं मला ओळखलं. आत येऊ दिलं, पण चहाचं विचारलं नाही. म्हणाली, "आई आता कायबी सांगत न्हाई. ह्या गल्लीतले मेंढरंवाले इच्यारायला येत्यात, कुनीकडं चारा आसंल, पाऊस कवा यील. पयले गावाकडं लई सांगायची. आता म्हनती, मला इच्यारू नका. पोराला ताप आला का ते कपाळाला हात लावून सांगत न्हाई. मलाच हाक मारती, तू हात लावून बघ म्हनती."

साखराबाई मागच्या दारी सावलीत बसली होती. बारीक झाली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. दोरा कसा हलतो ते सांगितलं. भगवानराव घरी आले होते ते सांगितलं. मोसंबीच्या बांधाशी किल्ली माझ्या बोलण्यानं फिरली, हे सांगितलं. आणि मग ज्याच्यासाठी आलो होतो ते सांगितलं, की खडकापाशी मी बोललो नव्हतो. तिथली खूण तिच्या हाताची होती आणि ती खरी निघाली. पाणी लागलं. एकशे चाळीस फुटांवर.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. द्याव्यात, अशी माझी इच्छा होती. किंवा निदान तिचं तिला परत मिळाल्यासारखं तिचं तोंड उजळेल. तिनं सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजी तिथं माजं मला जड लागलतं," ती म्हणाली.

"हो, माय. तुमचं तुम्हाला."

"आन मोसंबीपशी तुमी बोलला म्हनून फिरली."

"हो."

"पर मला दोन्हीकडं सारकंच वाटलं, मास्तर. माजा हात मी न्हाई हलवला, आसंच वाटलं. तिथंबी आन हितंबी." ती माझ्याकडं बघत होती. चिडून नाही, खरंच विचारावं तसं. "मंग ह्याच्यातलं मपलं कंचं आन तुमचं कंचं, हे म्या हितून म्होरं वळखावं कसं?"

तीस वर्षं मी तेवढंच शिकलो होतो, समोरच्याला ते ओळखू येऊ नये म्हणून काय करायचं ते. ओळखायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला ते येत नव्हतं.